बोलावलं म्हणून खेळायला जाणं

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट. आमच्या स्वयंपाकघरात भाची एका हाताने पोह्यांवर जिरावण भुरभुरत होती, दुसऱ्या हातात फोन. एकदम ओरडली, "मावशी, आपण युरोपला हरवलं!" आणि जिरावणाची डबी पोह्यांत उपडी.

तिच्या बाबांनी पेपरामागून विचारलं, "आख्ख्या युरोपला?"

"नाही हो बाबा, एस्टोनियाला. चार-तीन. पण युरोपातल्या टीमला आपल्या सिनियर मुलींनी पहिल्यांदाच हरवलंय."

"कुठल्या कपात?"

"टर्किश विमेन्स कप."

"फिफाचा आहे का?"

"नाही."

"मग युरोपवाल्यांचा?"

"नाही."

"मग कुणाचा?"

भाची गप्प. मीही गप्प, कारण मलाही ते धड सांगता आलं नसतं. इंदूरच्या मराठी घरात खेळ म्हटलं की क्रिकेट. होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी जिंकली, सी. के. नायडू अमुक मैदानावर कसे मारायचे, हे आजोबा-पणजोबांकडून पाठ झालेलं असतं. मुलींचा फुटबॉल आमच्या घरात आला तो या भाचीच्या बुटांबरोबर, चिखलासकट. पण मी गणिताच्या शिकवण्या घेते, आणि "मग कुणाचा?" हा प्रश्न अर्धवट सोडवलेल्या उदाहरणासारखा डोक्यात राहिला. तो सोडवताना जे हाती लागलं ते इथे मांडते.

देशांचे संघ तीन तऱ्हांनी एकमेकांसमोर येतात. एक तऱ्हा पायरी चढण्याची: पात्रता फेरी, आशियाई करंडक, विश्वचषक, ऑलिंपिक. तिथे समोर कोण येणार हे ड्रॉमध्ये, म्हणजे चिठ्ठ्या काढून ठरतं, आपल्याला विचारत नाहीत. दुसरी तऱ्हा सुट्या मैत्रीपूर्ण सामन्याची. दोन संघटनांनी आपसात ठरवलं, खेळले, घरी गेले. या दोन्हींच्या मधे बसते ती आमंत्रित स्पर्धा. एक यजमान दोन, तीन किंवा सात-आठ पाहुण्यांना बोलावतो, आठ-दहा दिवसांत सगळे आपसात खेळतात आणि शेवटी कुणाच्या तरी हातात एक कप येतो. त्या कपाच्या जोरावर पुढच्या कुठल्याही स्पर्धेचं दार उघडत नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू डोळ्यासमोर आणा. त्यासाठी कोणी पात्रता फेरी खेळत नाही. घरच्या बाईने यादी करायची. गेल्या वर्षी जिने आपल्याला बोलावलं तिचं नाव आधी, मग शेजारीण, मग जिच्याशी ओळख वाढवायची आहे ती. यादीत नाव आलं नाही तर तक्रार कुठे करणार? आमंत्रित स्पर्धेचंही असंच. किती संघ, कोण कोण, साखळी खेळवायची की अंतिम सामना ठेवायचा, सगळं यजमानाच्या हातात. फिफाचा संबंध मागून येतो. दोन्ही बाजूंनी देशाचा मुख्य संघ, ज्याला फुटबॉलवाले 'ए' संघ म्हणतात, उतरला पाहिजे, सामन्याला रीतसर परवानगी हवी, नियम पाळले गेले पाहिजेत. मग कप कुणाचाही असो, सामना आंतरराष्ट्रीय म्हणून नोंदला जातो. भाचीच्या बाबांना उत्तर द्यायचं तर कप यजमानांचा, सामने मात्र फिफाच्या वहीतले.

या बोलावण्यांना हलकं समजू नये. मुलींच्या विश्वचषकाचा जन्मच एका बोलावण्यातून झालेला आहे. १९७१ साली मेक्सिकोत एक अनधिकृत विश्वचषक झाला. अझ्टेका स्टेडियमवर लाखभर लोकांसमोर डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० हरवलं. फिफाने त्याकडे पाहिलंही नाही. पुढे १९८६ मध्ये मेक्सिकोतच फिफाची परिषद भरली, तेव्हा नॉर्वेच्या एलेन विले बोलायला उठल्या आणि बायकांसाठी विश्वचषक का नाही, असं त्या पुरुषांनी भरलेल्या सभागृहाला विचारलं. फिफाने लगेच हो म्हटलं नाही, आधी चाचपून पाहिलं. जून १९८८ मध्ये चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात बारा संघांना बोलावून एक स्पर्धा घेतली. अंतिम सामन्यात नॉर्वेने स्वीडनला १-० हरवलं. लोक आले, खेळ चांगला झाला, आणि १९९१ मध्ये त्याच प्रांतात पहिला अधिकृत महिला विश्वचषक भरला. तेव्हाही सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे ठेवले होते. बायकांना दहा मिनिटं जास्त झेपणार नाहीत हे कोणी ठरवलं असेल? नॉर्वेच्या बायकांना विचारलं नसणार, एवढं नक्की.

त्यानंतर १९९४ मध्ये पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर आल्गार्व्ह कप सुरू झाला. पहिला कप नॉर्वेनेच नेला. पुढे ही स्पर्धा एवढी मानाची झाली की लोक तिला छोटा विश्वचषक म्हणायला लागले. २००८ पासून सायप्रस कप, २०१६ पासून अमेरिकेत चार संघांचा शी-बिलीव्ह्ज कप, २०१७ पासून तुर्कस्तानातल्या अलान्याचा कप (भाचीचा टर्किश विमेन्स कप तो हाच), २०२० मध्ये स्पेनमधला पिनातार कप. नकाशावर बोट ठेवून पाहिलंत तर गंमत कळेल. अमेरिका सोडली तर सगळी गावं उन्हाळी पर्यटनाची, समुद्राकाठची. फेब्रुवारीत नॉर्वे-फिनलंडची मैदानं बर्फाखाली असतात, इकडे ऊन कोवळं आणि हॉटेलं रिकामी. हॉटेलवाल्याला पन्नास खोल्यांचं गिऱ्हाईक मिळतं, संघाला हिरवं मैदान आणि जिम. फिफाच्या महिला वेळापत्रकात याच सुमाराला मोकळी खिडकी असायची. खिडकी म्हणजे ते दिवस, जेव्हा क्लबांना आपल्या खेळाडू देशाच्या संघासाठी सोडाव्याच लागतात. सुमारे दहा दिवस, त्यात तीन सामने. चार संघांची साखळी या मापात टेलरने शिवल्यासारखी बसते.

शिकवणीतल्या मुलांना मी हे असं विचारते: चार मुलं, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला, किती वेळा? सहा. म्हणजे सहा सामने, प्रत्येकीला तीन. तीनच संघ असले की तीन सामने होतात आणि रोज कोणीतरी बसून राहतं. शिलाँगला ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत, इराण आणि नेपाळ असा तिरंगी प्रकार झाला, तो असाच. चारांच्या साखळीत बहुतेक वेळा वेगळा अंतिम सामना नसतो. शेवटच्या दिवशी गुण जुळून आले तर साखळीतलाच सामना अंतिम सामन्यासारखा होऊन बसतो.

अलान्यात २०२४ मध्ये नेमकं तेच झालं. आपण एस्टोनियाला ४-३ हरवलं, त्यात मनीषा कल्याणचे दोन गोल. मग हाँगकाँगला २-० हरवलं. शेवटच्या सामन्यात समोर कोसोव्हो, आणि तिथे ०-१ असे हरलो. कप कोसोव्होचा, आपण दुसरे. भाची दोन दिवस फुरंगटून बसली होती. तिला म्हटलं, उपांत्य फेरी नाही, अंतिम फेरी नाही आणि तरी तू 'फायनल हरलो' म्हणतेस, यातच या पद्धतीचं यश आहे.

अंतिम सामना ठेवला तर यजमानाला एक वेगळीच धाकधूक असते. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर २०१९ च्या फेब्रुवारीत आपल्या महासंघाने गोल्ड कप भरवला. भारत, इराण, नेपाळ, म्यानमार. आधी साखळी, मग पहिल्या दोघींत अंतिम सामना. आपण इराणला १-० हरवलं, पण नेपाळकडून १-२ आणि म्यानमारकडून ०-२ असे हरलो. अंतिम सामना म्यानमार आणि नेपाळमध्ये झाला, म्यानमारने ३-१ असा जिंकला. कार्य आपल्या घरचं आणि पंगतीला पाहुणेच बसले.

पण गोल्ड कपचा खरा हिशोब दोन महिन्यांनी लागला. एप्रिल २०१९ मध्ये म्यानमारच्या मंडाले शहरात ऑलिंपिक पात्रतेची दुसरी फेरी होती. आपल्या गटात इंडोनेशिया होता, आणि पुन्हा तेच दोघे, नेपाळ आणि म्यानमार. मधल्या काळात आपल्या मुली अलान्याला जाऊन आल्या होत्या, नेपाळमध्ये सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धाही जिंकून आल्या होत्या. मंडालेत आपण इंडोनेशियाला २-० हरवलं, फेब्रुवारीत जिने हरवलं त्या नेपाळला ३-१ हरवलं, आणि म्यानमारला त्यांच्याच अंगणात ३-३ वर रोखलं. दोघांचे गुण सारखे. म्यानमारचा गोलफरक सरस, म्हणून ते पुढे गेले आणि आपण घरी आलो. जखमेवर मीठ आहे खरं, पण ०-२ वरून ३-३ पर्यंतचं अंतर आठ आठवड्यांत कापलं गेलं होतं. कॅम्पमध्ये आपसात दोन संघ पाडून खेळत बसलं असतं तर ते कापता आलं असतं का, याची मला शंका आहे. नेपाळची सबित्रा भंडारी बचावफळीच्या मागे कशी धावते हे कागदावर आकृती काढून कळत नाही.

गोलफरकाबद्दल एक वाक्य, कारण लोक इथे घोळ घालतात. केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा केले की गोलफरक. गुण सारखे झाल्यावर आधी गोलफरक पाहायचा की त्या दोघींच्या आपसातल्या सामन्याचा निकाल, हे प्रत्येक स्पर्धेच्या नियमपत्रिकेत ठरवलेलं असतं. आमंत्रित स्पर्धेत ते यजमान ठरवतो, म्हणून शेवटच्या सामन्याआधी नियम वाचून ठेवावेत. आणि कधीकधी निसर्गच नियम बदलतो. २०१८ च्या आल्गार्व्ह कपचा अंतिम सामना नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये व्हायचा होता. पाऊस असा कोसळला की सामना रद्द करून दोघींना विजेता घोषित करावं लागलं. विश्वचषकात असं कधी ऐकलंय का? बोलावण्याच्या घरात तेवढी सूट असते.

आता क्रमवारीकडे येऊ. मला सगळ्यात रस इथेच वाटला.

इंदूरकरांना क्रमवारी म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर. कचऱ्याच्या गाडीचं गाणं आमच्या गल्लीतल्या तान्ह्या पोरांनाही पाठ आहे. पण शहराला मिळतात ते गुण शहराच्या कामाचे. सुरतेला जास्त मिळाले म्हणून इंदूरचे कापले जात नाहीत. फुटबॉलच्या क्रमवारीत मात्र सामना झाला की एकीच्या खात्यातून काही गुण निघतात आणि जवळजवळ तेवढेच दुसरीच्या खात्यात जमा होतात.

ही पद्धत बुद्धिबळातून आली. अर्पाद एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते, स्वतः चांगले बुद्धिबळपटू. त्यांनी खेळाडूंचं बळ मोजायची रीत काढली. सामन्याआधीच्या गुणांवरून निकालाची अपेक्षा काढायची, प्रत्यक्ष निकाल तिच्याशी ताडून पाहायचा, आणि जेवढा फरक तेवढे गुण इकडचे तिकडे करायचे. फिफाने मुलींची क्रमवारी २००३ मध्ये सुरू केली ती पहिल्या दिवसापासून एलोच्या रीतीने. पुरुषांच्या क्रमवारीला हे शहाणपण यायला २०१८ उजाडलं. मुलींनी पुरुषांच्या पंधरा वर्षं आधी केलेल्या गोष्टी जगात थोड्या असतात, त्यातली ही एक. लिहून ठेवा.

रीत अशी. दोन संघांचे गुण सारखे असतील आणि मैदान तिऱ्हाईत असेल तर प्रत्येकीकडून अपेक्षा अर्ध्याची, ०.५. एक संघ २०० गुणांनी वरचढ असेल तर त्याच्याकडून अपेक्षा साधारण ०.७६, दुसरीकडून ०.२४. चारशेंचा फरक असेल तर ०.९१ आणि ०.०९. यजमान संघाला हिशोबापुरते १०० गुण जास्त धरतात. घरचं मैदान, घरची हवा, घरचं जेवण, या सगळ्याची किंमत शंभर गुण.

पुढची खुबी फक्त मुलींच्या क्रमवारीत आहे. इथे नुसतं जिंकलात की हरलात एवढं पाहत नाहीत, किती गोलांनी ते पाहतात. ०-१ असं हरलात तर शून्य मिळत नाही, ०.१५ मिळतात आणि जिंकणारीला ०.८५. ०-२ ला हरणारीला ०.०८, ०-३ ला ०.०४. गोल करून हरलात तर चिमूटभर जास्त. मग प्रत्यक्ष मिळालेल्यातून अपेक्षा वजा करायची आणि सामन्याच्या वजनाने गुणायचं. मैत्रीपूर्ण सामन्याचं वजन १५, विश्वचषकातल्या सामन्याचं ६०. आमंत्रित स्पर्धा कितीही थाटाची असली तरी तिचे सामने मैत्रीपूर्ण या खान्यात जातात. जगातल्या पहिल्या दहांपैकी दोघी आपसात खेळल्या तरच वजन दुप्पट.

एक उदाहरण सोडवू. समोरची टीम आपल्यापेक्षा ४०० गुणांनी वर आहे, मैदान तिसऱ्याच देशात. आपण ०-१ असे हरलो. अपेक्षा होती ०.०९, मिळाले ०.१५, फरक अधिक ०.०६, गुणिले १५. म्हणजे हरूनही आपल्याला सुमारे ०.९ गुण मिळाले. आणि ती बलाढ्य टीम जिंकूनही तेवढेच गुण गमावून घरी गेली! भाचीने हे गणित तीन वेळा करून पाहिलं, मग फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर, मग माझ्याकडे संशयाने बघितलं.

थोडं पुढे गेलं तर सोन्याचा आकडा सापडतो. समोरची टीम साधारण ३०० गुणांनी वर असेल तर एका गोलाने हरण्याची किंमत बरोबर शून्य. त्याहून वरच्या टीमकडून एका गोलाने हरलात तर फायदाच. ५०० गुणांनी वरच्या टीमने तुम्हाला धुऊन काढलं तरी नुकसान एका गुणापेक्षा कमी.

आता २०२१ चा नोव्हेंबर आठवून बघा. ब्राझीलने मनाउस शहरात चार देशांची स्पर्धा भरवली, भारताला बोलावलं. ब्राझीलची दंतकथा झालेली फॉर्मिगा आपल्याविरुद्धच्या सामन्यात देशासाठी शेवटचं खेळली. आपण १-६ हरलो. मग चिलीकडून ०-३, व्हेनेझुएलाकडून १-२. तिन्ही सामने हरले, म्हणून आपल्याकडे लोकांनी नाकं मुरडली. पण ब्राझीलविरुद्ध पहिल्या दहा मिनिटांत मनीषा कल्याणने गोल करून बरोबरी साधली होती, आणि गुणांच्या खात्यात त्या १-६ ने जवळजवळ काहीच गेलं नाही. मिळालं ते खात्याबाहेरचं होतं. दुर्दैव असं की ही सगळी तयारी ज्यासाठी होती तो जानेवारी २०२२ चा आशियाई करंडक आपल्याच घरी, नवी मुंबई-पुण्यात होता, आणि एक सामना झाल्यावर कोरोनाने संघात उतरवायला पुरेशा खेळाडूच शिल्लक ठेवल्या नाहीत. यजमान असून स्पर्धेबाहेर. त्यावर आजही धड बोलवत नाही.

उलट बाजूही पाहा. २०१९ मध्ये अलान्यात आपण तुर्कमेनिस्तानला १०-० हरवलं. टाळ्या वाजल्या. पण फिफाच्या तक्त्यात सहा गोलांच्या पुढचा फरक मोजलाच जात नाही. सहा काय, दहा काय, जिंकणारीला ०.९९. सातव्या गोलापासून दहाव्यापर्यंतचे चार गोल फक्त फोटोपुरते. आणि फारच कच्च्या टीमला १-० असं कसंबसं हरवलंत तर गुण चक्क जातात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सोपे पाहुणे बोलावून कप घरात ठेवणाऱ्या यजमानाची मला कीव येते. चांगली यादी म्हणजे एक संघ आपल्या तोडीचा, एक थोडा वरचा, एक बराच वरचा. दहा गोलांनी हरणारीला बोलावणं दोघींच्या वेळेचा अपव्यय आहे.

हे चिमूटभर गुण कशाला हवेत? ड्रॉसाठी. पात्रता फेरीचे गट पाडताना क्रमवारीप्रमाणे संघांची भांडी लावतात. पहिल्या भांड्यात सगळ्यात वरचे, मग दुसऱ्यात त्याखालचे, आणि प्रत्येक गटात प्रत्येक भांड्यातून एक. २०२६ च्या आशियाई करंडकाच्या पात्रतेत आठ गट होते आणि प्रत्येक गटातून फक्त पहिली पुढे. आपल्या गटात आपल्याहून वरच्या क्रमांकाचा थायलंड होता, आणि सामनेही त्यांच्याच चियांग माईत. ५ जुलै २०२५ ला आपण त्यांना २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि पात्रता फेरी खेळून आशियाई करंडक गाठला. त्या आधीच्या फेब्रुवारीत हाच संघ शारजाला पिंक लेडीज कप खेळून आला होता. जॉर्डनला २-० हरवलं, रशियाकडून ०-२, दक्षिण कोरियाकडून ०-३. शारजात हरल्यामुळे चियांग माईत जिंकलो असं कोणी म्हणत असेल तर ती भाबडी जोडाजोड आहे. पण कोरियाच्या वेगाशी झुंजून आलेल्या पायांना थायलंडचा वेग नवा वाटत नाही, एवढं मानायला हरकत नाही.

आणि मुळात वहीत नाव राहण्यासाठीही खेळावं लागतं. २००९ मध्ये आपला महिला संघ दीड वर्षाहून जास्त काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता म्हणून फिफाने त्याला क्रमवारीतून काढून टाकलं. खालचा नंबर नव्हे, नंबरच नाही. हजेरीपटावरूनच नाव गेलं. हाच संघ १९८० च्या आसपास आशियात दोनदा उपविजेता होता, त्यातला एकदा आपल्याच कालिकतला. दुसऱ्या वर्षी, २०१० मध्ये, पुन्हा सामने मिळाले तर त्यांनी बांगलादेशात पहिली सॅफ स्पर्धा जिंकून दाखवली. खेळाडू होत्या. त्यांना कोणी बोलावत नव्हतं आणि आपण कोणाला बोलावत नव्हतो.

नियमांतली एक गंमत राहिली. मैत्रीपूर्ण सामन्यात बदली खेळाडू अधिकृत स्पर्धेपेक्षा जास्त चालतात, पण त्यालाही हद्द आहे. २००३ साली लंडनमध्ये पुरुषांच्या सामन्यात इंग्लंडच्या प्रशिक्षकाने मध्यंतराला अकराच्या अकरा खेळाडू बदलले. ऑस्ट्रेलियाने त्यांना ३-१ हरवलं, आणि पुढच्या वर्षी फिफाने बदलीवर मर्यादा घातली. ती ओलांडली तर सामना 'ए' दर्जाचा राहत नाही आणि क्रमवारीत धरत नाहीत. त्यामुळे अशा स्पर्धेत प्रशिक्षक दर सामन्यात निम्मा संघ फिरवतात. तिसऱ्या क्रमांकाची गोलरक्षक, एकोणीस वर्षांची बावरलेली बचावपटू, यांना देशाची जर्सी घालून नव्वद मिनिटं मिळतात ती इथे. पात्रता फेरीत कोण देणार?

पैशाचं थोडक्यात. साधारणपणे पाहुणा संघ विमानाचं भाडं स्वतः भरतो आणि यजमान राहणं, जेवण, बस, सरावाचं मैदान बघतो. बाकी घासाघीस. बक्षिसाची रक्कम नसते किंवा नावापुरती. प्रायोजक मिळाला तर कपाला त्याचंच नाव, इंग्लंडमधला अर्नॉल्ड क्लार्क कप हा मोटारी विकणाऱ्या कंपनीच्या नावाचा होता. युरोपात २०२३ पासून मुलींची नेशन्स लीग सुरू झाल्यावर तिथल्या संघांचे मोकळे दिवस अधिकृत सामन्यांनी भरले, त्यामुळे वरच्या युरोपीय टीमला बोलावणं किंवा तिच्याकडे जाणं आता आणखी अवघड. एस्टोनिया, कोसोव्होसारख्यांचं बोलावणं आलं तर तेही मागे-पुढे न बघता घ्यावं.

परवा भाचीच्या ग्रुपने स्वतःची स्पर्धा काढली. चार टीम, एक रविवार, आमच्याच भागातलं मैदान. ओट्यावर बसून ती वहीच्या मागच्या पानावर यादी करत होती. दोन नावं पक्की. तिसऱ्या जागी ज्या टीमला त्यांनी गेल्या वर्षी सात गोलांनी हरवलं तिचं नाव होतं. ते तिने खोडलं आणि लिहिलं, 'महूच्या मुली'. महूच्या मुलींनी यांना आजवर दर वेळी हरवलंय. "मावशी, तीनशेंचा फरक असेल का गं?" आमच्या मैदानाची क्रमवारी कोणी ठेवत नाही, म्हटलं, पण अंदाजे असेल. तिने मान हलवली आणि नावापुढे कंसात लिहिलं: 'अकरा जणी, दोन टीचर, पोहे लवकर लागतील, बस सकाळी सातला निघते.'